टपालाचे डाव बरोबरीत का सुटू लागले?

वरच्या दर्जाच्या पत्रबुद्धिबळात, म्हणजे लांब बसून एकमेकांना खेळ्या कळवत खेळायच्या बुद्धिबळात, आज एखादा डाव निकाली लागला, तर त्याचीच चर्चा होते. बरोबरी ही नेहमीची गोष्ट. पूर्वी चित्र उलटं होतं, आणि त्या काळात या खेळाने कितीतरी ओपनिंगना, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक खेळ्यांना, नावं मिळवून दिली.

लंडन आणि एडिनबरोच्या क्लबांचा टपालाने चाललेला सामना १८२४ ते १८२८ असा रंगला. पाच डावांपैकी दोन एडिनबरोने जिंकले, एक लंडनने, दोन बरोबरीत सुटले. एडिनबरो स्कॉटलंडचं, म्हणून ‘स्कॉच’ हे ओपनिंगचं नाव इथलंच. दोन्हीकडून राजापुढची प्यादी समोरासमोर येतात, एकेक घोडा बाहेर पडतो आणि तिसऱ्याच खेळीला पांढरा वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे करून मध्यावर भांडण उकरून काढतो. खेळी तशी जुनी, इटलीच्या देल रिओने १७५० मध्येच नोंदवलेली. पुढे १८३४-३६ मध्ये पॅरिसच्या क्लबने लंडनच्या वेस्टमिन्स्टर क्लबला असंच टपालाने हरवलं, आणि काळ्याने राजापुढचं प्यादं एकच घर सरकवणं ‘फ्रेंच बचाव’ म्हणून रूढ झालं.

विचाराला दिवसच्या दिवस, पुस्तकं उघडायला मुभा, पट मांडून खेळ्या मागे-पुढे करायचीही सोय. तरी चुका व्हायच्याच. पाचव्या जागतिक स्पर्धेत (१९६५-६८) अमेरिकेच्या हान्स बर्लिनरने १६ डावांपैकी १२ जिंकले, ४ बरोबरीत सोडवले, हरला एकही नाही. यातला सोव्हिएत संघाच्या याकोव्ह एस्ट्रिनविरुद्धचा डाव ‘दोन घोड्यांचा बचाव’ या ओपनिंगचा. काळी मोहरी घेऊन बर्लिनरने त्यात घरी तयार केलेलं शस्त्र बाहेर काढलं. माझ्या मते पत्रबुद्धिबळाची खरी मजा अशा डावांत आहे.

पोस्टकार्डावर तेव्हा खेळी आकड्यांत लिहीत: ५२५४ म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं. भाषेची अडचणच नको! २००४ पासून खेळ्या पाठवायला आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळ संघटनेचा सर्व्हर आला, टपालखर्च वाचला. संगणकाची मदत घ्यायला या संघटनेच्या नियमांत बंदी नाही. दोघांच्याही हाताशी तगडं इंजिन, म्हणजे खेळ्या सुचवणारा संगणक प्रोग्राम, असेल, तर मधल्या खेळात फसवणार कुणाला? शेवट तर त्याहून कोरडा. मोजकी मोहरी उरली की टेबलबेसचा, म्हणजे अशा प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल साठवलेल्या संगणकीय कोशाचा, दाखला देऊन निकाल मागता येतो.

त्यामुळे सगळी भिस्त ओपनिंगवर. काळ्याला जिंकायचंच असेल तर तो किंग्ज इंडियन या बचावासारखी तिरकी वाट धरतो. पांढरा मध्यभाग बळकावतो, इंजिन त्याला थोडं वरचढ ठरवतं, आणि बहुतेक वेळा तेवढं वर्चस्व जिंकायला पुरत नाही.