पोकर-स्थलांतर

पैसे लावून ऑनलाइन पोकर (पत्त्यांचा एक खेळ) खेळता यावे, यासाठी खेळाडूने आपला देश सोडून दुसऱ्या देशात तात्पुरता किंवा दीर्घकाळ मुक्काम हलविणे. यात कामाची जागा खऱ्या अर्थाने बदलत नाही. पडद्यावरचे टेबल आणि समोरचे खेळाडू पुष्कळदा तेच राहतात, बदलतो तो फक्त कायदेशीर रहिवास. त्यामुळे ऊसतोड, वीटभट्टी किंवा नोकरीसाठी होणाऱ्या स्थलांतराच्या नेहमीच्या वर्गवारीत ही प्रथा बसत नाही. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात केला आहे. [⟶ जुगार, पत्त्यांचे खेळ].

उगम : पोकरच्या मूळाविषयीच एकमत नाही. इराणातील ‘आस-नास’ या खेळापासून पोकर निघाला, हे मत विसाव्या शतकात बराच काळ प्रचलित होते. आस-नासची सविस्तर वर्णने मात्र पोकर अमेरिकेत रुळल्यानंतरची असल्याने ते आता मागे पडले आहे. फ्रेंच वसाहतीतून न्यू ऑर्लीन्स परिसरात आलेला ‘पोक’ आणि इंग्रजांचा ‘ब्रॅग’ यांच्या मिश्रणातून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो आकाराला आला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. १८२९ च्या सुमारास मिसिसिपीच्या खोऱ्यातील आगबोटीवर हा डाव पाहिल्याची एका इंग्रज नटाची आठवण उपलब्ध आहे. सुरुवातीला तो वीसच पत्त्यांत खेळत. तीन पत्ती हीही ब्रॅगचीच भारतीय शाखा समजली जाते. तसे असेल, तर पोळ्याच्या दिवसांत वऱ्हाडातल्या गोठ्यामागे रंगणारा ताशपत्त्यांचा फड आणि आगबोटीवरचा तो डाव एकाच घराण्यातले ठरतात.

खऱ्या पैशांचा पहिला ऑनलाइन डाव १ जानेवारी १९९८ रोजी ‘प्लॅनेट पोकर’ या संकेतस्थळावर झाला, असे सामान्यतः मानतात. २००३ मध्ये लास वेगास येथील जागतिक स्पर्धेत ८३९ खेळाडूंमधून क्रिस मनीमेकर हा हिशेबनीस पहिला आला. त्याला २५ लाख डॉलर मिळाले आणि त्याने प्रवेश मिळविला होता तो ऑनलाइन पात्रता फेरीतून. त्यानंतर या खेळाचा मोठाच विस्तार झाला. ‘पार्टीपोकर’ या संकेतस्थळाची संगणक प्रणाली उभारणारे अनुराग दीक्षित हे दिल्लीच्या आयआयटीचे पदवीधर होते. २००८ मध्ये त्यांनी अमेरिकी न्यायालयात ऑनलाइन जुगाराचा गुन्हा कबूल करून ३० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

स्थलांतराची प्रथा केव्हापासूनची, याबाबत दोन मते संभवतात. १३ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेत बँकांना जुगाराच्या ऑनलाइन रकमा हाताळण्यास बंदी करणारा कायदा झाला, तेथून काहीजण सुरुवात धरतात. इतरांच्या मते खरा प्रारंभ १५ एप्रिल २०११ चा. त्या दिवशी अमेरिकी न्याय खात्याने ‘पोकरस्टार्स’, ‘फुल टिल्ट’ व ‘अॅब्सोल्यूट पोकर’ यांच्या चालकांवर आरोप ठेवले आणि संकेतस्थळांची नावे जप्त केली. पोकरवर पोट असलेल्या अमेरिकी खेळाडूंनी मग कॅनडा, मेक्सिको, कोस्टा रिका अशा देशांत बिऱ्हाडे हलविली. करांच्या सोयीसाठी युरोपातल्या युरोपात होणारी तुरळक ये-जा जुनी असली, तरी तिला प्रथा म्हणावे असे रूप २०११ नंतरच आले, असे मानणे बरे.

तांत्रिक बाजू : खेळाडू कोठे बसला आहे हे कंपनी इंटरनेट जोडणीचा आयपी क्रमांक, मोबाइलचे जीपीएस आणि रहिवासाचा पुरावा (भाडेकरार, वीजबिल, बँकेचे पत्र) यांवरून ठरविते. व्हीपीएन (जोडणी दुसऱ्याच ठिकाणची भासविणारी सोय) लावून ठिकाण लपविणे बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही. पकडले गेल्यास खाते गोठते आणि शिल्लक अडकते. स्थलांतर करावे लागते ते यामुळेच. काही देश आपल्या खेळाडूंना बाहेरच्यांशी खेळू देत नाहीत. फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल व इटली यांनी २०१७ मध्ये खेळाडू एकत्र आणण्याचा करार केला, त्यातील पहिल्या तिघांचे टेबल २०१८ पासून जोडले गेले. टेबलावर जितके खेळाडू अधिक, तितके हौशी अधिक, आणि मिळकत हौशी खेळाडूंकडूनच होते. प्रत्येक डावातून कंपनी ‘रेक’, म्हणजे आपली कपात, घेते, गावच्या फडात तिलाच नाल म्हणतात. बरोबरीच्या खेळाडूंत वर्षभर खेळले, तर ही नालच सगळ्यांना खाऊन जाते.

घड्याळ हाही निर्णायक घटक आहे. युरोपातील हौशी खेळाडू संध्याकाळी सातनंतर बसतात. हिवाळ्यात त्या वेळी विदर्भात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, तर मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील प्लाया देल कार्मेन येथे दुपारचा एक. विदर्भातला खेळाडू म्हणूनच रात्रीचा खेळाडू असतो. शेती फीडरची पाळी रात्रीची आली, की बाप मोटर सुरू करायला वावरात जातो आणि पोरगा घरी चार टेबले उघडून बसलेला असतो. गावठाणाचा फीडर वेगळा असला, तरी मृगाच्या वादळात तोही जातो. इन्व्हर्टरवर राउटर तग धरतो, पण मोबाइलचा टॉवर बंद पडला की उपाय नाही. खेळीसाठी दिलेले राखीव सेकंद संपतात आणि हातात राजांची जोडी असली, तरी प्रणाली आपणहून पत्ते टाकून देते.

यजमान देश : ब्रिटन व कॅनडात खेळाडूच्या जिंकलेल्या रकमेवर सामान्यतः कर नाही. माल्टात परवानाधारक कंपन्यांची गर्दी आहे. थायलंड स्वस्त व जवळचा म्हणून लोकप्रिय असला, तरी तेथील १९३५ चा कायदा परवानगीविना १२० हून अधिक पत्ते बाळगू देत नाही. २०१६ मध्ये पट्टाया येथे ब्रिज खेळणाऱ्या ३२ परदेशी, बहुतांशी वयस्क मंडळींना पोलिसांनी धरले होते. त्यांच्याकडे पैसे लावलेले आढळले नाहीत.

भारतीय कायदा : पैज व जुगार हा राज्यसूचीतील विषय. महाराष्ट्रात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा लागू असून केवळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळले आहेत. रमीत कौशल्य प्रधान आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले. पोकरबाबत मात्र उच्च न्यायालयांत मतभेद राहिला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरविले, तर नागालँडच्या कायद्याने त्याला कौशल्याच्या यादीत बसविले. चंद्रपूर, गडचिरोली व यवतमाळ या जिल्ह्यांना लागून असलेल्या तेलंगणात २०१७ पासून पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे. वर्धा-पैनगंगेच्या एका काठावर चालणारे ॲप दुसऱ्या काठावर बंद, अशी स्थिती त्यामुळे काही वर्षे होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने खात्यात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. अखेर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने कौशल्य व नशीब हा भेद न करता पैशांचे सर्व ऑनलाइन खेळ बंद केले. शिक्षा खेळ पुरविणाऱ्यास, जाहिरात करणाऱ्यास व रकमा हाताळणाऱ्यास आहे, खेळाडूस नाही. या कायद्याला दिलेली आव्हाने सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतली.

कौशल्य की नशीब, हा वाद विदर्भाला तसा ओळखीचा. द्यूतात राज्य हरून देशोधडीला लागलेला नल हा या भूमीचा जावई. तो परत जिंकला ते अयोध्येच्या ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे गणित, शिकून घेतल्यावर. दमयंतीचे कुंडिनपूर म्हणजे तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

ग्रामीण विदर्भातील स्वरूप : खेड्यातून थेट परदेशी जाणे विरळाच. वाट बहुधा नागपूर किंवा पुण्याच्या वसतिगृहातून जाते. खरी अडचण कागदांची असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने पुष्कळ घरांत आयकर विवरणपत्र भरलेलेच नसते, आणि व्हिसा अधिकाऱ्यापुढे सातबारा व तहसीलचा ऐपतीचा दाखला एकटे पुरत नाहीत. वार्षिक अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविण्याची मुभा लॉटरी, स्वीपस्टेक अशा कारणांसाठी नाही. म्हणून भांडवल पुष्कळदा परदेशातील ‘स्टेकर’कडून येते. तो पैसे लावतो, नफा ठरल्या हिश्श्याने वाटला जातो. वरकरणी हा व्यवहार बटईसारखा दिसतो. पण बटईत पीक बुडाले की ते वर्ष तेथेच संपते, येथे तोटा खेळाडूच्या नावावर पुढे ओढला जातो आणि तो फिटेपर्यंत हिस्सा मिळत नाही.

घरी सांगण्याचा प्रश्न वेगळाच. “पोट्टा कोन्त्या कंपनीत हाय?” या प्रश्नाला ‘आयटीत’ हे सोयीचे उत्तर. सोयरीक जुळविताना तेही पुरत नाही, कारण पगारपत्रक मागितले जाते.

जिंकलेल्या पैशांतून गावी वावर घ्यावे, ही सर्वसाधारण इच्छा. परंतु परकीय चलन नियमांनुसार अनिवासी भारतीयास शेतजमीन विकत घेता येत नाही. विदर्भापुरता १९५८ चा स्वतंत्र कूळकायदाही बिगरशेतकऱ्यास ती सहसा घेऊ देत नाही. वारसाने आलेली जमीन ठेवता येते. ती कसण्यासाठी भावाच्या नावे मुखत्यारपत्र करायचे, तर ते तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घेतात, आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.