शैवल अर्क : पेशीसंवर्धनातील प्राणिज सीरमला पर्याय

प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर वाढवताना पोषक माध्यमात प्राणिज सीरम (रक्तरस) मिसळतात. त्याऐवजी क्लोरेला, स्पिरुलिना यांसारख्या सूक्ष्मशैवलांपासून काढलेला अर्क पूर्णपणे किंवा अंशतः वापरण्याची ही पद्धत आहे. ती अजून मुख्यतः संशोधनाच्या टप्प्यावर आहे. संवर्धित मांसाच्या, म्हणजे प्राणी न मारता पेशींपासून मांस तयार करण्याच्या प्रयत्नांमुळे तिच्याकडे विशेष लक्ष वेधले गेले.

पेशीसंवर्धनात सर्वाधिक वापरले जाणारे सीरम गाईच्या गर्भातील वासराचे असते. अमेरिकेतील डेन्व्हर येथील थिओडोर पक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1958 मध्ये त्याचा वापर रूढ केला. कत्तलखान्यात गाभण गाय कापल्यावर गर्भाशय बाहेर काढतात आणि गर्भाच्या हृदयात सुई खुपसून निर्जंतुक पिशवीत रक्त ओढून घेतात. तीन महिन्यांपेक्षा लहान गर्भाचे हृदय यासाठी फारच छोटे पडते. रक्त गोठू देऊन वर राहिलेला पिवळसर द्रव गाळला की सीरम तयार होते. 2002 च्या एका अंदाजानुसार जगभरात वर्षाला सुमारे 5 लाख लिटर सीरम लागत होते आणि त्यासाठी दहा लाखांहून अधिक गर्भ वापरले जात होते. या गर्भांना वेदना होतात का, हा प्रश्न शास्त्रीय चर्चेत वारंवार आला आहे आणि तो बाजूला सारण्याजोगा नाही.

नैतिक आक्षेपाइतक्याच व्यावहारिक अडचणीही आहेत. एका बॅचचे सीरम दुसरीसारखे नसते. त्यामुळे कोणतीही जबाबदार प्रयोगशाळा नवी बॅच घेण्याआधी नमुना मागवून आपल्या पेशींवर तपासते, आणि पसंत पडली तर बाटल्या राखून ठेवते. गुरांचे विषाणू आणि मायकोप्लाझ्मा (पेशीभित्ती नसलेले अतिसूक्ष्म जीवाणू) त्यातून शिरू शकतात. गुरांमधील प्रायॉनजन्य (बिघडलेल्या प्रथिनामुळे होणाऱ्या) ‘मॅड काऊ’ रोगानंतर सीरम कोणत्या देशातून आले याची छाननी कडक झाली. भारतात हा विषय जून 2021 मध्ये घरोघरी पोहोचला. कोव्हॅक्सिन लशीत वासराचे सीरम असल्याचा मजकूर समाजमाध्यमांवर फिरला. ते केवळ व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या पेशी) वाढवण्यासाठी वापरले जाते, अंतिम लशीत नसते, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला स्पष्ट करावे लागले.

सीरमला पर्याय शोधणे एवढे कठीण का, हे ते काय काय करते यावरून कळते. नेहमीच्या कामात माध्यमाच्या बाटलीत दहा टक्के सीरम घालतात. माध्यमातच ग्लुकोज, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे आणि क्षार असतात, म्हणजे पेशींचे अन्न तिथे आधीच असते. सीरममधून येतात ते वृद्धिघटक (पेशींना वाढण्याचा संकेत देणारी प्रथिने), इन्सुलिनसारखी संप्रेरके, लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन, मेदाम्ले धरून ठेवणारे अल्ब्युमिन, पेशींना तळाला चिकटवणारे फायब्रोनेक्टिन आणि सेलेनियमसारखी सूक्ष्म द्रव्ये. एक काम तर सहसा लक्षातही येत नाही. फ्लास्कचा तळ पेशींनी भरला की ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर घालून त्यांना सुटे करतात. ट्रिप्सिन पेशींची प्रथिने खात सुटू नये म्हणून वेळेत थांबवावे लागते, आणि ते सीरम असलेले माध्यम ओतले की आपोआप थांबते, कारण सीरममध्ये प्रथिनभंजक विकरांना रोखणारी द्रव्ये असतात. सीरम काढून टाकले की सोयाबीनपासून मिळणारा ट्रिप्सिन-रोधक वेगळा घालावा लागतो. विसरले तर पुढच्या फ्लास्कमध्ये पेशी चिकटतच नाहीत.

शैवल याआधीही प्राणिज पदार्थाची जागा घेऊन प्रयोगशाळेत आले आहे. जीवाणू वाढवण्यासाठी पूर्वी प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून मिळणारे जिलेटिन वापरत. ते उबेत वितळे आणि काही जीवाणू ते पचवूनही टाकत. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी 1881 च्या सुमारास तांबड्या समुद्री शैवलांपासून मिळणारे अगार सुचवले. ते आजही प्रत्येक पेट्री डिशमध्ये आहे. मात्र अगारचे काम माध्यमाला घट्टपणा देण्याचे होते. शैवल अर्काकडून पोषणाची आणि वाढीच्या संकेतांची अपेक्षा आहे, आणि ही कितीतरी मोठी मागणी आहे.

या कामासाठी प्रामुख्याने क्लोरेला व्हल्गॅरिस हे हिरवे शैवल आणि स्पिरुलिना म्हणून विकले जाणारे अर्थ्रोस्पायरा वापरतात. अर्थ्रोस्पायरा हा खरे तर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू आहे, पण व्यवहारात त्याला शैवलच म्हणतात. तो अल्कधर्मी पाण्यात जोमाने वाढतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे त्याचे आपल्याकडचे परिचित ठिकाण. वाळवलेल्या क्लोरेलात निम्म्याहून अधिक, तर स्पिरुलिनात सुमारे 60 ते 70 टक्के प्रथिने असतात. दोन्ही उथळ तळ्यांत वाढवता येतात आणि त्यांना सुपीक शेतजमीन लागत नाही.

अर्क काढण्याच्या पद्धतीवर त्यात काय उतरेल हे ठरते. स्पिरुलिनाची पेशीभित्ती नाजूक असल्याने गोठवून वितळवले किंवा श्राव्यातीत लहरी दिल्या तरी ती फुटते आणि प्रथिने सुटी होतात. क्लोरेलाची भित्ती चिवट असते. तिच्यासाठी गरम पाणी, विकरे किंवा आम्ल वापरतात. आम्लात उकळल्यास पिष्टाचे ग्लुकोज आणि प्रथिनांची अमिनो आम्ले होतात, पण ट्रिप्टोफॅन नष्ट होते आणि ग्लुटामिनचे ग्लुटामिक आम्ल बनते. ग्लुटामिन हे वाढत्या पेशींचे आवडते खाद्य, म्हणून ते बाहेरून घालावे लागते. आम्ल उदासीन करताना क्षार वाढतात आणि माध्यम पेशींना खारट पडते, त्यामुळे अर्क विरळ करणे किंवा क्षार काढणे भाग असते. शेवटी 0.22 मायक्रोमीटरच्या गाळणीतून तो निर्जंतुक करतात.

या क्षेत्रातील सर्वांत सुसूत्र काम टोकियो विमेन्स मेडिकल युनिव्हर्सिटीतील तात्सुया शिमिझू यांच्या गटाने केले आहे. 2022 मध्ये त्यांनी गाईच्या स्नायुजनक पेशींसाठी क्लोरेला अर्क पोषणाचा स्रोत म्हणून वापरून दाखवला. नेहमीच्या माध्यमातील ग्लुकोज आणि अमिनो आम्ले शेवटी मक्यासारख्या धान्यावर अवलंबून असतात. ते अवलंबित्व तोडणे हा त्यांचा हेतू होता. 2023 मध्ये याच दिशेने पुढे जात त्यांनी सीरमही वगळले. पण वृद्धिघटक शैवलांतून आले नाहीत. ते उंदराच्या यकृतापासून मिळवलेल्या पेशींनी माध्यमात स्रवलेले होते. अर्क अन्न पुरवणार आणि दुसऱ्या पेशी संकेत पुरवणार, अशी ती वाटणी आहे. वापरलेल्या माध्यमात साचणारा अमोनिया शैवलांनाच खाऊ घालून तीच शैवले पुन्हा अर्कासाठी वापरायची, असे चक्रही हा गट उभारत आहे. दक्षिण कोरियातील संशोधकांनी 2021 मध्ये स्पिरुलिना मॅक्झिमाचा अर्क घालून सीरमचे प्रमाण कमी करण्याचा मार्ग तपासला.

‘शैवलांनी सीरमची जागा घेतली’ असे मथळे वाचताना दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. माध्यमातील अन्नाला पर्याय मिळणे ही एक गोष्ट, सीरमला पर्याय मिळणे ही दुसरी. पहिली बरीच साध्य झाली आहे. दुसरी मुख्यतः अंशतः साधली आहे : सीरम दहा टक्क्यांवरून खाली आणून उरलेली कसर अर्काने भरून काढणे. हेही थोडके नाही, कारण त्या प्रमाणात कमी गर्भांचे रक्त लागते. मात्र कर्करोगापासून मिळवलेल्या पेशी मुळातच कमी संकेतांवर वाढतात, तर शरीरातून नुकत्याच काढलेल्या पेशी हट्टी असतात. त्यामुळे कोणत्या पेशी, किती पॅसेज (पेशी सुट्या करून नव्या फ्लास्कमध्ये घालण्याच्या फेऱ्या) आणि स्नायुपेशी असतील तर पुढे त्यांचे तंतू बनले का, हे पाहिल्याशिवाय कोणताही दावा तोलता येत नाही. तीन दिवसांत पेशींची संख्या वाढली एवढ्यावर निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

अर्काच्या स्वतःच्या अडचणीही आहेत. सीरमविरुद्धचा बॅचबदलाचा आक्षेप त्यालाही लागू पडतो, कारण ऊन, तापमान आणि खत बदलले की शैवलाची घडण बदलते. सायनोबॅक्टेरियाच्या बाह्यपटलात लिपोपॉलिसॅकराइड असते. ते प्रतिकारपेशींना चेतवते. उघड्या तळ्यातील शैवलात जड धातू किंवा इतर सायनोबॅक्टेरियांची विषे आढळू शकतात. रंगाचाही त्रास होतो. माध्यमातील फिनॉल रेड हे दर्शक रंगद्रव्य आम्लता वाढली की पिवळे पडते, आणि कामाची सवय असलेला माणूस त्या रंगावरूनच माध्यम बदलायचे ठरवतो. स्पिरुलिनाचे निळे फिकोसायनिन ती खूण झाकून टाकते. रंग मोजून जिवंत पेशींचा अंदाज घेणाऱ्या चाचण्यांतही ते ढवळाढवळ करते. म्हणून पेशीविरहित अर्काचे वाचन वजा करणे किंवा पेशी प्रत्यक्ष मोजणे आवश्यक असते.

वृद्धिघटकांची उणीव शैवलांकडूनच भरून काढण्याचा मार्गही खुला आहे. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय हिरव्या शैवलाच्या हरितलवकात मानवी जनुक घालून रक्तवाहिन्यांच्या वाढीचा घटक तयार करता येतो, हे 2010 मध्ये दाखवले गेले. सध्या असे घटक बहुधा जीवाणू किंवा यीस्टमध्ये तयार होतात आणि सीरममुक्त माध्यमाच्या किमतीचा मोठा भाग तेच व्यापतात. डच संशोधक मार्क पोस्ट यांनी ऑगस्ट 2013 मध्ये लंडनमध्ये सादर केलेला पहिला संवर्धित मांसाचा बर्गर वासराच्या सीरमवरच वाढवलेला होता. डिसेंबर 2020 मध्ये सिंगापूरने विक्रीस परवानगी दिलेल्या संवर्धित कोंबडीच्या मांसातही सुरुवातीला सीरम वापरले जात होते. सीरमविरहित प्रक्रियेला तेथे जानेवारी 2023 मध्ये मान्यता मिळाली.