लेसर

लेसर (लेखनभेद : लेझर) म्हणजे एकरंगी, फारसा न पसरता सरळ जाणारा आणि ज्यातले तरंग पावलाला पाऊल जुळवून चालतात असा प्रकाशझोत निर्माण करणारे साधन. त्या झोतालाही लेसरच म्हणतात. ‘लाइट ॲम्प्लिफिकेशन बाय स्टिम्युलेटेड एमिशन ऑफ रेडिएशन’ या लांबलचक नावातल्या पाच मुख्य शब्दांची आद्याक्षरे घेऊन हा शब्द झाला. मराठीत सांगायचे तर ‘प्रारणाच्या उद्दीपित उत्सर्जनाने होणारे प्रकाशाचे विवर्धन’. रोमन लिपीत सुरुवातीला तो मोठ्या अक्षरांत लिहीत, त्यामुळे हा संक्षेप आहे हे दिसायचे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. त्यामुळे रडारप्रमाणे हा शब्दही आपल्याकडे आला तो साधे नाम होऊनच. त्याचे पूर्ण रूप आठवावे लागते ते परीक्षेपुरते.

स की झ, हा वाद जुना आहे. इंग्रजी उच्चाराला ‘लेझर’ जवळचे, आणि दुकानांच्या पाट्यांवर बहुधा तेच दिसते. मराठी विश्वकोशाने ‘लेसर’ स्वीकारले आहे. या नोंदीतही तेच रूप ठेवले आहे.

कल्पनेचे मूळ आइन्स्टाइन यांच्या १९१७ च्या निबंधात सापडते. ऊर्जा साठवून बसलेल्या अणूवर योग्य ऊर्जेचा फोटॉन (प्रकाशाचा कण) आला, तर तो अणू तसाच दुसरा फोटॉन सोडतो. त्याची दिशा तीच, रंग तोच आणि लयही तीच. एकाचे दोन, दोनाचे चार होत जातात. अट एवढीच, की ऊर्जा साठवलेल्या अणूंची संख्या रिकाम्या अणूंपेक्षा जास्त असली पाहिजे. एरवी ती नेहमी उलट असते, म्हणून बाहेरून ऊर्जा सतत भरावी लागते. चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये हे सूक्ष्मतरंगांवर साधले आणि त्या यंत्राला ‘मेसर’ नाव दिले. पुढे दृश्य प्रकाशासाठी टाउन्स आणि आर्थर शॉलो ‘ऑप्टिकल मेसर’ म्हणत राहिले. ‘लेसर’ हा शब्द गॉर्डन गोल्ड यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये आपल्या वहीत लिहिला आणि ती पाने नोटरीकडून साक्षांकित करून घेतली. पेटंटाचा झगडा त्यांना पुढे वर्षानुवर्षे लढावा लागला, पण शब्द मात्र त्यांचाच टिकला. काटेकोर पाहिले तर बहुतेक लेसर प्रवर्धक (बाहेरून आलेला प्रकाश वाढवणारे) नसतात, दोलक (स्वतःच झोत निर्माण करणारे) असतात. म्हणजे नावात ‘ॲम्प्लिफिकेशन’च्या जागी ‘ऑसिलेशन’ हवे होते. पण मग संक्षेप वाचताना ‘लूझर’ झाला असता, हा भौतिकीच्या वर्गातला ठरलेला विनोद आहे.

पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात चालवला. बोटाच्या पेराएवढी कृत्रिम माणकाची कांडी, तिच्या दोन्ही टोकांना चांदीचा मुलामा आणि भोवती स्प्रिंगसारखा वळवलेला फ्लॅशचा दिवा, एवढाच तो जामानिमा. झोत गडद लाल होता, तरंगलांबी ६९४.३ नॅनोमीटर. भारतात १९६४ मध्ये तुर्भ्याच्या अणुऊर्जा केंद्रात (आजचे भाभा अणुसंशोधन केंद्र) गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला. सुरुवातीच्या दिवसांत लेसरला ‘प्रश्न शोधत निघालेले उत्तर’ म्हणून हिणवत. मग बारकोड वाचणारी यंत्रे आली, सीडी आली, प्रिंटर आला, काचतंतूंतून जाणारे फोन आले.

मराठी बोलण्यात हा शब्द आता बराच सैल झाला आहे. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये ‘लेसर कटिंग’ म्हणतात तेव्हा तो खरोखर लेसरच असतो, पोलादी पत्रा लोण्यासारखा कापणारा. त्वचेच्या दवाखान्यातही बहुधा लेसरच असतो. डोळ्यांच्या बाबतीत मात्र गोंधळ आहे. ‘आईचा मोतीबिंदू लेसरने काढला’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते, पण त्यातल्या बहुसंख्य शस्त्रक्रिया फेकोच्या असतात. फेकोत बारीक पोकळ सुईच्या टोकाशी अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी नेत्रभिंगाचा चुरा करून तो ओढून घेतात. तिथे प्रकाशाचे काम नाही. फेम्टोसेकंद लेसर (अतिशय अल्प काळाचे स्पंद सोडणारा) वापरणारी पद्धत आहे, पण ती महाग आणि त्यामानाने कमी ठिकाणी होते. खरा लेसर बहुतेकांना भेटतो तो नंतर, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, नव्या भिंगामागचा पातळ पापुद्रा धूसर झाला तर. तेव्हा याग नावाच्या स्फटिकाच्या लेसरने त्या पापुद्र्याला खिडकी पाडतात. चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लॅसिकमध्ये एक्सायमर नावाचा वायूचा लेसर असतो, १९३ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. टाका नाही, पट्टी नाही आणि त्याच दिवशी घरी, म्हणजे ‘लेसर’, असा सरळ हिशोब लोकांनी केला आणि दवाखान्यांनीही तो फारसा दुरुस्त केला नाही.

दिव्यांचेही तेच. एलईडीचा अरुंद झोत दिसला की त्याला लेसर म्हणतात. फरक ओळखायचा असेल तर भाषणात वापरतात तो साधा लाल पॉइंटर भिंतीवर रोखावा. ठिपका गुळगुळीत दिसत नाही, साखर सांडल्यासारखा दाणेदार चमकतो, आणि डोके जरा हलवले की ते दाणे सरकतात. जुळलेले तरंग एकमेकांत मिसळून कुठे वाढतात, कुठे विझतात (याला व्यतिकरण म्हणतात), त्यामुळे हे होते. एलईडी टॉर्चच्या उजेडात हे दाणे कधी दिसत नाहीत.

सुरक्षिततेसाठी लेसरचे वर्ग १ ते ४ असे गट केलेले आहेत. वर्ग २ चा दृश्य लेसर एक मिलिवॉटपर्यंत असतो. तो डोळ्यावर आलाच तर पापणी आपोआप मिटते आणि तेवढे पुरते. वर्ग ४ म्हणजे अर्ध्या वॉटच्या वरचे. मिरवणुकीच्या ट्रकवर डीजेशेजारी लावतात त्यांत या वर्गाचे दिवे असू शकतात. डोळ्याचे भिंग असा झोत दृष्टिपटलाच्या अगदी बारीक ठिपक्यावर एकवटते आणि पापणी मिटायच्या आत तिथला भाग भाजतो. दुखत नाही, म्हणून कळायलाही उशीर होतो. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर राज्यातून अशा इजांच्या तक्रारी आल्या आणि पुढे पुण्यासह काही शहरांत पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेसरवर मनाई आदेश काढले. मिरवणूक टिपायला उंच धरलेल्या मोबाइलचीही यातून सुटका नसते. झोत नेमका कॅमेऱ्यावर आला तर सेन्सर जळतो, आणि त्यानंतर काढलेल्या प्रत्येक फोटोत, मग तो बाप्पाचा असो की बारशाचा, तीच एक रंगीत रेघ त्याच जागी उमटत राहते.