मागी लोकांचे नमन: नाताळच्या एका प्रसंगाची पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की नवापूर, चिंचपाडा, नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत बांबूच्या कामट्यांचे तारे बांधले जाऊ लागतात. मुलांच्या नाटिकेत पुठ्ठ्याचे मुकुट घातलेले तीन राजे येतात, गव्हाणीपुढे गुडघे टेकतात आणि सोने, ऊद, गंधरस म्हणून चमकत्या कागदात गुंडाळलेले डबे ठेवतात. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडला, तर त्यात 'तीन' हा आकडा नाही आणि 'राजे' हा शब्दही नाही. तिथे पूर्वेकडून आलेले 'मागी लोक' आहेत, आणि ते गव्हाणीपाशी नाही, एका घरात जातात. ख्रिस्ती माणूस ज्ञान कशाला म्हणतो आणि भक्ती कशाला, हे समजायला या 'मागी' शब्दापासूनच सुरुवात करावी लागते.

इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने मागींची नोंद केली ती प्राचीन इराणातल्या मीड लोकांतील एक जमात म्हणून. इराणात त्यांच्याशिवाय यज्ञ होत नसे, राजाच्या स्वप्नांचा अर्थ तेच लावत. पुढे जरथुश्त्री धर्माचे पुरोहित म्हणून ते ओळखले गेले. ग्रीक लोकांनी मात्र हाच शब्द जादूटोणा करणाऱ्यांनाही लावला. बायबलमध्येही त्याला दोन्ही रंग आहेत. दानीएल बाबेलच्या ज्ञानी लोकांचा प्रमुख होतो, तर प्रेषितांच्या कृत्यांत शोमरोनचा शिमोन आणि कुप्र (सायप्रस) बेटावरचा अलीम हे जादूगार म्हणून समोर येतात. धान्याचे दाणे पाहून दुखण्याचे कारण सांगणारा भगत ज्यांनी सातपुड्याच्या पायथ्याला पाहिला आहे, त्यांना पहिल्या मंडळ्यांचा पेच चटकन कळेल. असल्या विद्येचे लोक तारणाऱ्याच्या दारी कसे? दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाटियस याने लिहिले की त्या ताऱ्याने जादूची सारी बंधने सुटली. तारा पाहण्याची विद्या त्यांना घरापर्यंत घेऊन आली आणि तिथे तिचे काम संपले.

यरुशलेमेत काय घडले, ते मला या कथेचे काळीज वाटते. मागींनी विचारले, यहूद्यांचा राजा कुठे जन्मला? तिथला राजा हेरोद याने मुख्य याजक आणि शास्त्री बोलावले. त्यांना शोधाशोध करावी लागली नाही. मीखा संदेष्ट्याचे वचन त्यांच्या जिभेवर होते: बेथलेहेम. गाव जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर, म्हणजे बाजाराला पायी जाऊन संध्याकाळी परत यावे इतके जवळ. त्यांच्यापैकी कोणी गेल्याचे मत्तय सांगत नाही. उत्तर अचूक दिले आणि ते जागेवरच राहिले. ज्यांच्याकडे ते वचन नव्हते, जे परदेशी आणि परधर्मी होते, ते पुढे निघाले. 'परमेश्वराचे भय ज्ञानाचा प्रारंभ होय' हे नीतिसूत्रांतले वाक्य शास्त्र्यांना पाठ असणारच. ते पावलांत उतरले मागींच्या.

'नमन' या शब्दाचेही असेच. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ जमिनीला टेकून वंदन करणे, आपल्या लोटांगणासारखे. इराणी दरबारात ही रीत होती आणि ग्रीकांना ती माणसापुढे करणे कमीपणाचे वाटे. या अध्यायात ते क्रियापद तीनदा येते. मागी म्हणतात, आम्ही त्याला नमन करायला आलो. हेरोद म्हणतो, मीही येऊन नमन करीन. शेवटी त्या घरात प्रत्यक्ष नमन होते. मधले नमन तोंडचे आहे, आणि ते बोलणारा मनात खुनाचा बेत करतो आहे. एकच शब्द तीनदा ठेवून मत्तय खरी उपासना कोणती हे दाखवतो. वेगळे भाष्य करत नाही.

पुढची भर परंपरेची. भेटी तीन म्हणून माणसेही तीन, हे तिसऱ्या शतकापासून रुळत गेले. स्तोत्र ७२ आणि यशया ६० यांतल्या भेटी आणणाऱ्या राजांमुळे त्यांना मुकुट मिळाले. सहाव्या शतकाच्या सुमारास कास्पार, मेल्खियोर, बाल्थासार ही नावे आली. त्यांचे म्हणून मानलेले अवशेष ११६४ मध्ये मिलानहून कोलोनला नेण्यात आले. पश्चिमेच्या मंडळ्यांत ६ जानेवारी हा त्यांचा दिवस ठरला. २५ डिसेंबरच्या नाताळची रोममधली जुनी नोंद ३३६ सालची आहे.

मराठीत ही कथा छापून आली ती बंगालमधल्या श्रीरामपूरच्या, मिशनरी विल्यम कॅरींच्या छापखान्यातून. मत्तयाचे शुभवर्तमान तिथे १८०५ मध्ये निघाले. खानदेशात ती गावोगाव पोचायला आणखी शंभर वर्षे गेली. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि त्याच सुमारास पश्चिम भागात भिल्ल-मावची वस्त्यांतून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनसारख्या संस्थांचे काम वाढले. ऐकणारे लोक नवे पीक आधी देवाला दाखवून मगच खाणारे होते. हातात काही घेतल्याशिवाय देवापुढे जायचे नाही, हे त्यांना शिकवावे लागले नाही. आजही कापणीच्या उपासनेला ज्वारी-भाताच्या टोपल्या वेदीपुढे येतात, तेव्हा मला मागींच्या उघडलेल्या पेट्याच आठवतात.

आणि त्या पेट्यांतले जिन्नस आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. सोन्यासाठी जळगावचा सराफ बाजार आहे. अरबस्तानातला ऊद ज्या झाडाचा, त्याचीच सख्खी बहीण सालई सातपुड्याच्या उतारांवर उभी आहे. तिच्या खोडाला चीर दिली की सुवासिक डिंक पाझरतो आणि आदिवासी तो गोळा करून विकतात. गंधरसाच्या जातीचे झाड म्हणजे राजस्थान-गुजरातच्या कोरड्या रानातला गुग्गुळ. नाटिकेतले डबे बहुधा रिकामे असतात. यंदा त्यातल्या एकात सालईच्या डिंकाचे चार खडे ठेवावेत, आणि मुलाने डबा खाली ठेवताना झाकण काढावे.