मीटर वायर आणि चोक वायर, यात फरक काय? जुना ट्रक असणाऱ्यांसाठी

जुन्या गाड्यांच्या स्पेअरच्या दुकानात "वायर द्या" म्हटलं की काउंटरवरचा माणूस विचारतो कसली, रेसची, चोकची, स्टॉपची की मीटरची, आणि देताना चारही एकाच खिळ्यावरून काढून देतो. रेस म्हणजे ॲक्सिलरेटर, चोक म्हणजे थंड इंजिन चालू करताना ओढायची दांडी, आणि मीटर म्हणजे वेग दाखवणारं स्पीडोमीटर. काळं कव्हर, आत तार, दोन्ही टोकांना काहीतरी लोखंडी. त्यामुळे भल्याभल्या मिस्त्री लोकांचा पण समज असा की वायर ती वायर, चोकची बसवतो तशीच मीटरची बसवायची, वरून तेल सोडायचं, पट्टीने आवळायची, विषय संपला. मी पण माझ्या बेडफर्ड ट्रकला पहिल्यांदा तसंच केलेलं. त्याचं काय झालं ते पुढे येतंच.

चोकची वायर ओढली जाते आणि मीटरची वायर फिरते. एवढाच फरक आहे खरंतर, बाकी सगळं त्यातनंच निघतं. चोक वायर म्हणजे पोहऱ्याचा दोर समजा, आणि मीटर वायर म्हणजे पिठाच्या गिरणीचा शाफ्ट, फक्त वाकू शकणारा.

आधी ओढणारी घेऊ, कारण ती सोपी आहे. रेस, चोक, डिझेल इंजिन बंद करायची ती स्टॉपची दांडी, सायकलचा ब्रेक, सगळं एकाच जातीचं. इंग्रजीत हिला बोडेन केबल म्हणतात, १८९६ साली पेटंट घेणाऱ्या बोडेनच्या नावावरून. आतली तार ताणली जाते आणि बाहेरचं कव्हर तेवढ्याच जोराने दाबलं जातं, म्हणजे कव्हर पण अर्धं काम करत असतं हे लक्षात घ्या. म्हणून ते स्प्रिंगसारखं गुंडाळलेल्या तारेचं असतं, वाकतं पण आखूड होत नाही, आणि म्हणूनच ते दोन्ही टोकांना घट्ट धरलेलं पाहिजे. क्लॅम्प ढिला असेल तर तुम्ही दांडी ओढता, कव्हर सरकतं आणि तिकडे लिव्हर जागचा हलतच नाही.

मीटर वायरचं कव्हर असला काही जोर घेत नाही. ते फक्त आतल्याला सांभाळतं, ग्रीस धरून ठेवतं, धूळ बाहेर ठेवतं. सगळं काम आतल्या तारेचं, आणि ती तार नीट बघितलीत तर तिला तार म्हणवत नाही. मधे एक बारीक तार, तिच्यावर एका दिशेने गुंडाळलेला थर, त्याच्यावर उलट्या दिशेने दुसरा, मग परत उलटा. असं आलटूनपालटून गुंडाळल्यामुळे ती पीळ देऊन फिरवली तरी उलगडत नाही, एक थर सुटायला बघतो तेव्हा दुसरा आवळतो. साधी चोकची तार अशी फिरवून बघा, पीळ भरत जाईल आणि सुटताना झटका देईल. शेवटी टोकाला नट नसतो, गोळी नसते, दाबून केलेला चौकोन असतो, तो मीटरच्या आणि गिअरबॉक्सच्या चौकोनी भोकात बसतो.

आता कामाचा हिशोब बघा. बऱ्याच जुन्या अमेरिकन गाड्यांत एका मैलाला वायरचे साधारण १००० फेरे धरलेले असतात. म्हणजे ताशी ६० मैलाने गेलात तर ती मिनिटाला १००० फेरे फिरते, आणि ट्रक ताशी ३० ने रडतखडत गेला तरी तासाभरात ३०,००० फेरे. चोक आपण दिवसातून किती वेळा ओढतो? दोनदा? एवढं फिरणाऱ्या वस्तूला आणि दोनदा हलणाऱ्या वस्तूला एकच नियम कसा लागेल.

वाकवण्याचं घ्या. ओढणारी वायर वाकडीतिकडी नेली तर काय होतं, दांडी जड होते, हाताला कळतं, आपण जरा जोर लावतो आणि काम होतं. मीटर वायर जोराने वाकवली तर आतला शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात एका जागी अडतो, पीळ साठतो, मग सुटतो, परत अडतो. गिअरबॉक्सकडून फिरणं एकसारखं येतंय पण मीटरला ते धक्क्याधक्क्याने पोचतं, आणि काटा २० ते ४० मधे नाचायला लागतो. जुन्या इंग्लिश वर्कशॉप मॅन्युअलांमधे याचा नियम सरळ दिलेला असतो, वळणाची त्रिज्या ६ इंचापेक्षा कमी नको आणि मीटरच्या नटापासून पहिले २ इंच वायर सरळच पाहिजे. आपल्याकडे डॅशबोर्डच्या मागे जागा नसते म्हणून नटापाशीच काटकोनात मोडतात, आणि मग मीटर खराब आहे म्हणून दुसरं मीटर शोधत बसतात.

आणि हो, पट्टीने करकचून बांधू नका. चोक वायर बांधलीत तर चालेल, ही मात्र क्लिपमधे सैल राहिली पाहिजे. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, आणि केबिनच्या पत्र्यातून आत येते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) पाहिजेच, नाहीतर पत्रा कव्हर कापतो आणि पाणी आत जातं.

आता तेल. ओढणाऱ्या वायरीला वरच्या टोकातून तेल सोडायचं, खालून टपकेपर्यंत, उत्तम. मी मीटर वायरीला पण हेच केलं, वरून मस्त इंजिन ऑइल. दोन महिने काटा लोण्यासारखा चालला, मला वाटलं आपण लई भारी. मग एक दिवस ट्रक दारात उभा, इंजिन बंद, आणि मीटर दाखवतंय ४०. झालं असं की फिरणारा चौकोन तेल हळूहळू वर ओढत मीटरच्या आत घेऊन गेला. हे मीटर चालतं कसं ते माहीत असतं तर मी असं केलं नसतं. वायर आत एक लोहचुंबक फिरवते, चुंबकाला न टेकता त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीज घुमते आणि वाटी ओढली जाते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला परत खेचते, आणि वाटीलाच काटा जोडलेला. जर्मनीच्या ओट्टो शुल्झेने १९०२ मधे हे पेटंट केलं आणि शतकभर गाड्यांत हेच चाललं. तर चुंबक आणि वाटी यांच्यात फक्त हवा पाहिजे. तिथे तेल गेलं की वाटी चिकटते आणि काटा तुमचं ऐकत नाही.

म्हणून मीटर वायरीला पातळ ग्रीसचा हात, तोही हलका. आतला शाफ्ट पूर्ण बाहेर काढायचा, कापडाने पुसायचा, ग्रीस लावत लावत परत आत सरकवायचा, आणि मीटरकडचे शेवटचे ८ इंच परत बाहेर ओढून पुसून कोरडे करायचे. हा ८ इंचाचा नियम पण त्या जुन्या मॅन्युअलांतलाच आहे आणि माझ्या मते अख्ख्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा.

शाफ्ट बाहेर काढलाच आहे तर तो तपासून घ्या. दोन्ही टोकं हातात धरून मधे झोळीसारखा लोंबू द्या आणि एक टोक चिमटीत हळू फिरवा. चांगला असेल तर दुसरं टोक बरोबरीने फिरतं, कुठे मुरगळला असेल तर थांबून उडी मारतो. उडी मारणारा सरळ करायच्या नादाला लागू नका, फेकून द्या. ओढणारी तार थोडी मुरगळलेली असली तर वर्षभर निघते, ही नाही निघत.

लांबीचं पण तसंच. चोक वायर दोन इंच लांब आली तर कापा, टोकाला स्क्रूवाली गोळी लावा, ॲडजस्टरने ढील काढा. मीटरच्या शाफ्टला ॲडजस्टर नसतो. नुसता पक्कडीने कापलात तर थर उलगडतात, टोक नवीन दाबून चौकोन करावं लागतं. लांब राहिला तर नट आवळताना शाफ्ट मीटरच्या आतल्या चुंबकाला मागून ढकलतो आणि मीटर जातं, आखूड राहिला तर चौकोन भोकातून निसटतो. स्मिथ्स या इंग्लिश कंपनीच्या मीटरांना कव्हरच्या बाहेर साधारण ३/८ इंच, म्हणजे १० मिमीच्या आसपास टोक दिसलं पाहिजे. बसवताना शाफ्ट बोटांनी हळूहळू फिरवत आत सारायचा, चौकोन घरात बसल्याचं हाताला जाणवतं, मगच नट, आणि नट पण बोटांनीच. चौकोन बसलेला नसताना पान्याने नट ओढणारे लोक मी बघितलेत.

बिघाड कुठला ते ओळखायला एक सोपी गोष्ट. काटा मेलाय पण किलोमीटरचे आकडे पुढे सरकतायत, तर वायर चांगली आहे, दोष मीटरच्या वाटीत किंवा स्प्रिंगमधे. काटा आणि आकडे दोन्ही थांबलेत तर बहुतेक वायर तुटली किंवा गिअरबॉक्सचं छोटं गिअर गेलं. काटा नाचतोय, किर्र किर्र आवाज येतोय, तर वायर कोरडी किंवा कुठेतरी मोडून बसवलेली.

आणि सगळं नवीन बसवून पण मीटर खोटं बोलत असेल तर टायर बघा. साइझ बदलली की चाकाचा घेर बदलतो आणि वायरीला त्याचं काहीच माहीत नसतं. स्मिथ्सच्या बऱ्याच मीटरांवर डायलच्या खालच्या कडेला बारीक आकडा असतो, मैलाला किती फेरे तो. तुमचा आकडा काढायचा तर मीटरकडून वायर सोडा, शाफ्टच्या टोकाला कागदाची पताका चिकटवा, मागच्या चाकाचे बरोबर ६ फेरे होतील एवढा ट्रक सरळ ढकला आणि पताका किती वेळा फिरली ते मोजा. ती संख्या गुणिले १६८०, भागिले जमिनीपासून एक्सलच्या मध्यापर्यंतची उंची इंचात. आमच्याकडे ट्रक ढकलायला चौघं आणि मोजायला मी, पताका १३ की १४ यावरून भांडण झालं आणि ट्रक परत मागे घेऊन पहिल्यापासून मोजावं लागलं.