गॅस कमी झालाय की सेन्सर गेलाय?

एप्रिल लागला की परभणी-नांदेडकडे एसी मेकॅनिकचा फोन लागत नाही. लागलाच तर पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गॅस गेला असंल, भरून टाकू." इकडे पंखा फिरतोय, डिस्प्लेवर १८ दिसतंय आणि खोली काही केल्या गार होत नाही. अशा वेळी गॅसवर संशय घेण्यात चूक काहीच नाही. अडचण एवढीच की टेम्परेचर सेन्सर बिघडला तरी घरात बसलेल्याला नेमकं हेच जाणवतं. सेन्सरचं काम काही शेकड्यांत होतं, गॅसला काही हजार लागतात, आणि सेन्सर खराब असताना गॅस भरला तर पैसे जाऊन खोली तापलेलीच राहते.

एसीतला गॅस सिलिंडरमधल्यासारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता नुसता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. दरवर्षी "थोडा टॉप-अप" सुचवणाऱ्या माणसाला मी तरी दारातूनच परत पाठवेन.

सेन्सरचा गॅसशी काही संबंध नाही. तो म्हणजे मण्याएवढा थर्मिस्टर आणि दोन बारीक वायरी. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, उतरलं की वाढतो. त्यावरून पीसीबी, म्हणजे एसीचं कंट्रोल बोर्ड, ठरवतं की कॉम्प्रेसर चालवायचा की थांबवायचा. घरातल्या युनिटमध्ये असे सहसा दोन सेन्सर असतात. एक जाळीमागे, कॉइलच्या (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या) पुढे, खोलीतली हवा मोजणारा. तो रूम सेन्सर. दुसरा कॉइलच्या तांब्याच्या नळीला चिकटलेल्या खाचेत बसवलेला; तो कॉइल सेन्सर, कॉइल गोठू नये म्हणून पहारा देणारा.

दोन्ही बिघाडांतला खरा फरक कॉम्प्रेसरच्या वागण्यात दिसतो. गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही. तासन्‌तास चालतो, पण गारवा येत नाही. रूम सेन्सर चुकीचं सांगत असेल तर चालू असेपर्यंत हवा मस्त गार येते, मात्र पाच-दहा मिनिटांत कॉम्प्रेसर बंद. सेन्सरने पीसीबीला कळवलेलं असतं की खोली १८ झाली, आणि आपण ३४ मध्ये घामाघूम. तेव्हा गच्चीवर किंवा बाल्कनीत जाऊन बाहेरच्या युनिटचा आवाज ऐका. एकदा बंद पडल्यावर पुन्हा सुरू व्हायला तीनेक मिनिटं घेणं हा दोष नाही, कॉम्प्रेसरच्या रक्षणासाठी तसं ठेवलेलंच असतं. आणि हे सगळं करण्याआधी स्टॅबिलायझरकडे एक नजर टाका. मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की तोच कट मारतो आणि शिव्या सेन्सर खातो.

साधा डिजिटल थर्मामीटर असेल तर कॉम्प्रेसर चालू होऊन पंधरा मिनिटं झाल्यावर एसीत शिरणारी आणि बाहेर पडणारी हवा मोजा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत १० ते १२ अंशांचा फरक पडला तर गॅसला दोष देऊ नका. चार-पाचच पडला आणि जाळी स्वच्छ असेल, तर गॅसचा संशय बळावतो. मग बाहेरच्या युनिटजवळच्या दोन नळ्या बघा. बारीक नळीवर बर्फ आणि जाड नळी कोमट, हे गॅस कमी असल्याचं ठळक चिन्ह. नटाजवळ तेलकट डाग दिसला तर तिथे साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचं. मात्र बाहेर ४३ अंश असताना कुठलाच एसी त्याच्या कागदावरच्या ताकदीने चालत नाही. ती ताकद बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते.

मराठवाड्यात आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे: ड्रेनच्या पाइपातून पाणी येत नाही, म्हणजे गॅस संपला. पाणी एसी तयार करत नाही, ते हवेतल्या बाष्पाचं होतं. मुंबईत बादली भरते, कारण तिथली हवा दमट. आपल्याकडे मेमध्ये हवेत बाष्पच इतकं कमी की धडधाकट एसीचा पाइपही जवळजवळ कोरडा राहतो. त्याच कारणाने जाड नळीला घामही फारसा येत नाही, म्हणून ती डोळ्यांनी न बघता हात लावून तपासा.

आता सेन्सर. तो नेहमी जळतोच असं नाही. पुष्कळदा सर्व्हिसिंगच्या वेळी पाण्याचा फवारा मारताना रूम सेन्सर क्लिपमधून निसटतो आणि गार कॉइलला टेकतो. मग त्याला खोली कायम थंडच वाटणार. जाळी काढून तो जागेवर आहे का एवढं बघितलं तरी कधी कधी काम होतं. वायर उंदराने कुरतडलेली किंवा कनेक्टरला गंज चढलेला, हेही नेहमीचंच. काही रिमोटमध्येही सेन्सर असतो. ती सोय चालू असेल आणि रिमोट एसीच्या झोतात पडलेला असेल, तर एसी बिचारा उगाच बदनाम होतो.

सेन्सर मोजायचा असेल तर आधी एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा एसीचा ब्रेकर, बंद करा, नुसता रिमोट नव्हे. सेन्सरचा कनेक्टर पीसीबीवरून काढून मल्टीमीटरने रेझिस्टन्स बघा. पुष्कळ एसीत १० किलोओहमचा सेन्सर असतो, पण हा आकडा २५ अंशांचा. दुपारी ४० अंशांच्या खोलीत तोच सेन्सर सव्वापाच किलोओहमच्या आसपास दाखवतो आणि तो अगदी बरोबर असतो. "दहाचा पाच दाखवतोय, गेला" म्हणून चांगले सेन्सर आपल्याकडे उन्हाळ्यात फेकले जातात. बर्फाच्या पाण्यात बुडवला तर साधारण ३२ किलोओहम यायला हवेत, तिथून काढून मुठीत धरला की आकडा सावकाश उतरायला हवा. आकडा उड्या मारत असेल, अजिबात हलत नसेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर बाद. वायर तुटल्यावर पीसीबीला वाटतं प्रचंड थंडी आहे. बहुतेक एसी तेव्हा एरर कोड दाखवून मोकळे होतात. कोड कंपनीगणिक वेगळा, त्यामुळे शेजाऱ्याच्या एसीचा अर्थ आपल्याला लावू नये.

सगळ्यात फसवा कॉइल सेन्सर. तो कॉइल गोठल्याची खोटी खबर देऊन कॉम्प्रेसर बंद पाडतो, हे एक. शिवाय काही एसीत कॉम्प्रेसर सुरू होऊनही कॉइल थंड झाली नाही तर गॅस कमी असल्याचा कोड येतो, आणि कॉइल थंड झाली की नाही हे सांगणारा हाच सेन्सर. तो खाचेतून निघून लोंबत असेल तर गॅस भरपूर असूनही डिस्प्ले गॅसचंच नाव घेणार. अशा वेळी कोडपेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवावा. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसर पूर्ण थांबण्याऐवजी नुसता मंदावतो, त्यामुळे कानाने फारसं कळत नाही. तिथे एसी १६ वर ठेवा, पूर्ण वेगात येऊ द्या आणि मगच हवा मोजा.

गॅसच निघाला, तर गळती बंद करून, व्हॅक्यूम ओढून (म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने काढून), युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका भरायला सांगा. पुष्कळ एसींत असणारा आर-३२ हा गॅस हलकासा पेट घेणारा आहे, तो घरच्या घरी हाताळायचा नाही. सेन्सर निघाला, तर जुना सोबत घेऊनच दुकानात जा. पाच, दहा, पंधरा, वीस किलोओहमचे सेन्सर दिसायला सारखेच, आणि चुकीचा बसला तर एसी चालतो, पण प्रत्येक तापमान चुकीचं वाचतो.