झाडांच्या टाकीत डिस्कस ठेवण्यापूर्वी

आमच्या दुकानात डिस्कस मासे बघायला येणाऱ्या बहुतेक ग्राहकांच्या मोबाइलमध्ये एक फोटो असतो. दाट हिरवी झाडं, एखादं काळपट लाकूड आणि त्यातून संथपणे फिरणारा गोल, रंगीत माशांचा घोळका. अशी टाकी घरी होते का? होते. फक्त ती कुठल्या क्रमाने उभी राहिली ते फोटोत दिसत नाही. आधी टाकी, मग झाडं, मग वाट बघणं, आणि सगळ्यात शेवटी मासे, तेही मोठे. झाडांच्या टाकीसाठी आम्ही डिस्कसची लहान पिल्लं देत नाही. त्यावरून काही ग्राहक नाराज होतात, म्हणून त्यामागची कारणं इथे लिहिली आहेत. टाकी ठरवण्याआधी हे पत्रक वाचून घ्या.

पाणी आणि तापमान

डिस्कस हा अमेझॉन खोऱ्यातला सिक्लिड कुळातला मासा. हेकेल या शास्त्रज्ञाने १८४० मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. तिथे तो संथ पाण्यात, बुडालेल्या फांद्या आणि मुळांच्या आडोशाने राहतो. ते पाणी मऊ, आम्लधर्मी आणि गरम असतं. पण आज मिळणारे टर्क्वाइज, पिजन ब्लड, लेपर्ड हे प्रकार पिढ्यानपिढ्या टाकीतच वाढलेले आहेत. त्यांना नदीसारखं पाणी बनवून द्यावं लागत नाही. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, ६ ते ७.५ च्या दरम्यान असला तरी ते मजेत राहतात. आज ६.२, उद्या ७.४ असं झालं तर मात्र बिथरतात. त्यामुळे पीएच खाली आणणाऱ्या बाटल्यांच्या मागे लागू नका. नळाचं पाणी फारच जड असेल तर त्यात आरओचं पाणी मिसळा. निव्वळ आरओवर टाकी चालवू नका, कारण त्यात पीएच धरून ठेवणारे क्षार जवळजवळ नसतात आणि एखाद्या रात्री पीएच धाडकन कोसळतो.

तापमानात मात्र तडजोड नाही. २८ ते ३० अंश सेल्सियस हवंच. २५-२६ अंशांवर डिस्कस लगेच मरत नाही, पण खाणं कमी करतो, कोपऱ्यात काळवंडून उभा राहतो आणि दुखण्यांना बळी पडतो. झाडांशी भांडण सुरू होतं ते इथेच. टाकीत लावतात त्यांतली बरीच झाडं २२ ते २६ अंशांत खूश असतात. शिवाय पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना साधारण ७.५. रात्री दिवे बंद असताना झाडंही तोच प्राणवायू वापरतात. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग रात्रंदिवस हलता राहायला हवा. एवढ्यासाठी लावलेला एअर पंप दिसायला बरा दिसत नाही हे मान्य, तरी निदान रात्री तो चालू ठेवा.

टाकी केवढी

मोठा डिस्कस १५ ते २० सेंटीमीटरचा होतो आणि जवळजवळ तेवढाच उंच असतो. एका माशामागे ४० लिटर पाणी धरा. सहापेक्षा कमी मासे ठेवू नका. दोन-तीनच असले तर त्यातला दांडगा मासा सगळ्यात दुबळ्याला दिवसभर हाकतो. सहा-सात असले की हा मार वाटला जातो. या हिशोबाने १२० सेंटीमीटर लांब, ५० रुंद आणि ६० उंच टाकी ही आमच्या मते खरी सुरुवात. मापाने ती ३६० लिटरची भरते. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा जाता हातात ३०० लिटरच्या आसपास पाणी राहतं. काच आणि स्टँड धरून वजन ४०० किलोच्या पुढे जातं, तेव्हा टाकी कुठे ठेवायची ते आधी ठरवा. भरलेली टाकी नंतर सरकवता येत नाही.

फिल्टर कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा, घ्या, तोही टाकीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा. पण त्याचा झोत थेट माशांवर नको. डिस्कसला वाहत्या पाण्यात पोहायला आवडत नाही. स्प्रे बार, म्हणजे फिल्टरचं पाणी सोडणारी भोकांची नळी, मागच्या काचेकडे वळवला की पाणी फिरतं आणि धारही बसत नाही. हीटर एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या. एक बंद पडला तर दुसरा काही काळ निभावून नेतो. एक चालूच अडकला तरी तो एकटा इतक्या पाण्याला चटकन उकाडा आणू शकत नाही. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर लावा.

तळ

झाडांची टाकी म्हटलं की लोक सॉइल, म्हणजे झाडांसाठी तयार मिळणारी खतयुक्त दाणेदार माती, मागतात. इथे आमचं मत जरा वेगळं पडतं. नवी सॉइल पहिले काही आठवडे अमोनिया सोडते आणि पाण्यातले क्षार शोषून पीएच खाली ओढते. डिस्कसच्या टाकीत वारंवार पाणी बदलावं लागत असल्याने तिची ही ताकदही लवकर संपते. शिवाय मासे खाणं शोधताना तळावर तोंडाने फुंकर मारतात आणि सॉइल उधळते. आम्ही बारीक वाळूचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर सुचवतो. मागच्या बाजूला तो थोडा जाड करा आणि झाडांच्या मुळाशी रूट टॅब, म्हणजे खताच्या गोळ्या, पुरा. पुढचा तिसरा हिस्सा मोकळा सोडा. खाणं तिथेच टाकायचं, उरलेलं तिथूनच सायफनने ओढायचं.

पिजन ब्लड किंवा त्यापासून निघालेले प्रकार घेणार असाल तर वाळू फिकी घ्या, मागची काचही काळी करू नका. काळ्या तळावर या माशांच्या अंगावर मिरी भुरभुरल्यासारखे काळे ठिपके वाढतात. टर्क्वाइजसारख्या प्रकारांत ही अडचण येत नाही.

झाडं कुठली

यादी लहान आहे, पण टाकी भरायला पुरते. अमेझॉन स्वॉर्ड हे सगळ्यात भरवशाचं. उष्णता सोसतं, आणि त्याची पानं इतकी मोठी होतात की मासे त्यांच्या सावलीत उभे राहतात. एक-दोन रोपंच लावा, सहा महिन्यांत ती मागची बाजू अडवतात. नर्सरीतली बरीच रोपं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यामुळे टाकीत गेल्यावर जुनी पानं पिवळी पडून गळतात. मधून नवं पान येत असेल तर रोप व्यवस्थित आहे.

अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला किंवा दगडाला बांधा. त्यांचा जाड आडवा देठ वाळूत पुरला तर कुजतो. जावा फर्न ३० अंशांना जरा रडतं, २८ ला ठीक असतं. क्रिप्टोकोरीनच्या वेंडटाय आणि बालान्सी या जाती चांगल्या चालतात, पण लावल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यांची पानं वितळू शकतात. ती बघून रोप उपटून फेकणारे ग्राहक आम्हाला दर महिन्याला भेटतात. मूळ जिवंत असतं, थांबा. मागच्या कोपऱ्यांसाठी व्हॅलिसनेरिया छान, मात्र लिक्विड कार्बनच्या नावाने विकली जाणारी बाटली तिला सोसत नाही.

जमिनीवर गालिच्यासारखी पसरणारी आणि लालबुंद होणारी झाडं या टाकीत आणू नका. त्यांना प्रखर उजेड आणि भरपूर कार्बन डायऑक्साइड लागतो. डिस्कस प्रखर उजेडात बुजतो, आणि गालिच्यात अडकलेलं खाणं कुणालाच काढता येत नाही. वर सांगितलेली झाडं कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशिवाय वाढतात, हळू वाढतात इतकंच. तरीही सिलिंडर लावायचाच असेल तर दिव्यांबरोबर चालू आणि दिवे बंद होण्याच्या तासभर आधी बंद असा टायमर लावा. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसले तर आधी सिलिंडर बंद करा, कारण नंतर शोधा. दिवे सहा ते आठ तास पुरे. वर थोडी तरंगणारी झाडं सोडली की उजेड चाळून खाली येतो आणि मासे मोकळेपणी पुढे येतात.

वाट बघण्याचे आठवडे

झाडं लावली, पाणी स्वच्छ दिसलं, तरी टाकी तयार झालेली नसते. माशांच्या घाणीतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चालू टाकीतला जुना फिल्टर मीडिया (फिल्टरमधला स्पंज किंवा तत्सम भरण) मिळाला तर हे बरंच लवकर होतं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊन ते तसेच राहिले पाहिजेत. गरम पाण्यात, विशेषतः पीएच ७ च्या वर असताना, अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणून ‘थोडासाच आहे’ हे इथे चालत नाही.

मासे मोठेच का

पाच सेंटीमीटरच्या पिल्लाला दिवसातून चार-पाच वेळा प्रथिनयुक्त खाणं लागतं. तेवढं खाणं म्हणजे तेवढी घाण, आणि त्यासाठी जवळजवळ रोज पाणी बदलणं. मोकळ्या तळाच्या साध्या टाकीत हे जमतं. झाडांच्या टाकीत तेच खाणं मुळांशी जाऊन कुजतं. मग माणूस पाणी बिघडेल म्हणून कमी खायला घालतो आणि पिल्लू खुरटतं. लहानपणी राहिलेली वाढ नंतर भरून निघत नाही. पिल्लं वाढवायची हौस असेल तर त्यासाठी वेगळी साधी टाकी लावा, आम्ही मदत करू. झाडांच्या टाकीसाठी १०-१२ सेंटीमीटरच्या पुढचे मासे घ्या.

निवडताना डोळा बघा. शरीराच्या मानाने डोळा मोठा दिसला तर मासा वयाने मोठा आणि वाढीने खुरटलेला आहे. आकार गोल हवा, लांबट नको. कपाळ आत ओढलेलं नको. आपण काचेजवळ गेल्यावर पळणाऱ्यापेक्षा पुढे येणारा मासा घ्या, आणि आमच्यासमोर त्याला खाताना बघितल्याशिवाय घेऊ नका. सगळे मासे एकाच ठिकाणून आणि एकाच वेळी घेतलेले बरे. नंतर एखादा वाढवायचा असेल तर त्याला चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. वरून निरोगी दिसणारे दोन ठिकाणचे मासे एकत्र आले की दोन्हीकडचे आजारी पडतात, असं अनेकदा घडतं.

सोबतीला कोण

कार्डिनल टेट्रा, रमीनोज, स्टर्बाय कोरीडोरस, ब्रिसलनोज प्लेको. हे सगळे या उष्णतेत टिकतात. निऑनला थंड पाणी लागतं, कार्डिनलऐवजी तो स्वस्त म्हणून घेऊ नका. साधा सकर (कॉमन प्लेको) तर अजिबात नको. तो रात्री डिस्कसच्या अंगाला चिकटून त्याचा चिकट थर ओरबाडतो. याच थरावर डिस्कसची नवजात पिल्लं जगतात. आईबाप दोघांच्याही अंगावरून ती हा थर खातात. एंजल आणि टायगर बार्बही टाळा. टायगर बार्ब पर कुरतडतो. एंजल खाण्यावर झडप घालतो आणि स्वतःला त्रास न होता परजीवी आणू शकतो.

खाणं आणि पाणी बदलणं

मोठ्या माशांना दिवसातून दोनदा पुरे. चांगल्या पेलेट्स रोज, फ्रोझन ब्लडवर्म अधूनमधून. जिवंत ट्यूबिफेक्स किडे नकोत, त्यांतून रोग येऊ शकतात. बीफ हार्टचं खाणं वाढीला उत्तम, पण झाडांच्या टाकीत ते पाणी लवकर खराब करतं. डिस्कस सावकाश खातो, म्हणून दहा मिनिटं थांबून उरलेलं काढा.

आठवड्यातून दोनदा ३० टक्के पाणी बदला. नवं पाणी टाकीच्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं हवं. उघडं ठेवलेल्या पाण्यातून क्लोरीन निघून जातो, क्लोरामाइन जात नाही; त्यासाठी डिक्लोरिनेटरच लागतो. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवा, नळाखाली नाही.

मासा सतत काळा पडलेला, खाणं तोंडात घेऊन थुंकणारा, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा दिसला तर आधी तापमान, अमोनिया आणि नायट्राइट तपासा. मुख्य टाकीत औषध किंवा मीठ ओतू नका, झाडं आणि फिल्टरमधले जिवाणू दोन्हींना फटका बसतो. मासा साध्या टाकीत वेगळा काढा आणि आमच्याकडे येताना टाकीतलं अर्धा लिटर पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन या. माशाचा छोटा व्हिडिओ असला तर आणखी चांगलं. पाणी आम्ही तुमच्यासमोर तपासून देतो.